फैजपूरचे टिळकनगर आणि नंदलाल बोस : गैरसमज व वस्तुस्थिती

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील फैजपूर येथे, म्हणजे सावद्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन असून त्याचे अध्यक्षपद पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे होते. शेतसारा, खंड आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांसाठी येथे मंजूर झालेला कृषिविषयक कार्यक्रम राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत नोंदला गेला आहे. परंतु अधिवेशनासाठी ‘टिळकनगर’ या नावाने जी तात्पुरती वसाहत उभी राहिली, तिचा वास्तुरचना म्हणून विचार फारसा होत नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी व तिचे कलात्मक रूप घडविणाऱ्या नंदलाल बोस यांच्याविषयी काही चुकीचे समज रूढ झालेले दिसतात.

गैरसमज १ : टिळकनगर म्हणजे केवळ मंडप आणि झोपड्या, त्यात वास्तुकला अशी काही नव्हती.

वस्तुस्थिती : टिकाऊपणा हाच वास्तुकलेचा एकमेव निकष मानला, तरच हे विधान खरे ठरते. वास्तुरचना म्हणजे विशिष्ट गरजेसाठी जागेची आखणी करणे, हवामान व उपलब्ध साहित्य यांचा मेळ घालणे आणि त्या सर्वांना एक अर्थपूर्ण रूप देणे, ही व्याख्या स्वीकारल्यास टिळकनगर तिच्यात पूर्णपणे बसते. लाखावर लोकांचा समुदाय थोड्या दिवसांसाठी एकत्र येणार होता आणि त्यासाठी प्रवेशद्वारे, सभेची जागा, प्रदर्शन व निवासाची सोय आवश्यक होती. डिसेंबरात खानदेशात पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे वजनदार भिंतींची किंवा पक्क्या छपरांची गरजच नव्हती. थंडी, वारा आणि दुपारचे ऊन यांपासून आडोसा मिळाला की पुरे होते. बांबू हे वजनाला हलके, वाकवल्यास न तुटणारे आणि दोरीने बांधून जोडता येणारे साहित्य असल्याने त्याचा सांगाडा लवकर उभा राहतो आणि काम संपल्यावर सोडवून पुन्हा वापरता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या प्रदेशाला बांबू आणि गवत परके नव्हते, आणि त्यांच्याशी काम करणारे हातही गावोगावी होते. गरज, हवामान, साहित्य आणि कारागिरी यांचा असा विचारपूर्वक मेळ हेच टिळकनगरचे वास्तुकलात्मक वैशिष्ट्य होय.

गैरसमज २ : हा साधेपणा पैशाच्या अभावातून आला होता, आणि गांधीजींना कलेचे वावडेच होते.

वस्तुस्थिती : साधेपणामागे निश्चित भूमिका होती. तोपर्यंतची अधिवेशने शहरांत भरत आणि तेथील सोयीसुविधांच्या आधाराने पार पडत. खेड्याला जे देता येईल त्यातच राष्ट्रीय सभेचा कारभार चालवून दाखवावा, असा गांधीजींचा आग्रह होता, आणि त्यासाठी कलावंताची गरज आहे हे त्यांनी आरंभापासून ओळखले होते. १९३६ च्याच एप्रिलमध्ये लखनौ येथे भरलेल्या अधिवेशनातील प्रदर्शनाचे काम त्यांनी नंदलाल बोस यांच्याकडे सोपविले होते, आणि फैजपूरसाठीही त्यांनाच बोलाविले. आपण चित्रकार आहोत, वास्तुविशारद नाही, अशी शंका नंदलालांनी व्यक्त केली तेव्हा गांधीजींनी ती मानली नाही. आपल्याला निष्णात तज्ज्ञ नको, तळमळीने काम करणारा कलावंत हवा आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. २५ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शनाच्या मैदानावर केलेल्या भाषणात त्यांनी स्वतःला कलावंत न म्हणवता, कल्पना आपली असली तरी तिला मूर्त रूप नंदबाबूंनी दिले आणि ते सर्वस्वी स्थानिक साहित्य व स्थानिक श्रम यांच्या बळावर दिले, असा निर्वाळा दिला. अध्यक्षांच्या स्वागतासाठी बैलांच्या सहा जोड्यांनी ओढलेला जो सजविलेला रथ वापरण्यात आला, तोही याच विचाराचा भाग होता. शेतकऱ्याच्या दारातील वाहनच तेथे काँग्रेसच्या अध्यक्षाच्या मानाचे वाहन ठरले.

गैरसमज ३ : टिळकनगर ही एकट्या नंदलाल बोस यांची निर्मिती होती.

वस्तुस्थिती : २५ डिसेंबरच्या त्याच भाषणात गांधीजींनी व्यवस्थेचे श्रेय देताना वास्तुविशारद म्हात्रे आणि चित्रकार नंदलाल बोस अशी दोन नावे घेतली आहेत. नंतरच्या लेखनात पहिले नाव मागे पडले आणि दुसरे तेवढे उरले. या दोघांच्या पाठीशी खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे कार्यकर्ते, स्वागत समितीचे अध्यक्ष शंकरराव देव आणि परिसरातील असंख्य अनाम कारागीर व स्वयंसेवक होते. तात्पुरत्या रचनेत आराखडा जितका महत्त्वाचा असतो, तितकेच बांधणाऱ्याचे कौशल्यही असते, कारण बांबूचा सांधा कसा घट्ट बसवावा आणि गवताचा थर किती जाड असावा, हे निर्णय बहुधा कागदावर होत नाहीत, तर कामाच्या जागीच होतात. टिळकनगर हे सामूहिक कर्तृत्व म्हणूनच समजून घ्यावे लागते.

गैरसमज ४ : नंदलालांची सुप्रसिद्ध अधिवेशन-चित्रे फैजपूरची आहेत.

वस्तुस्थिती : ढोलकी वाजविणारा, पिंजारी, कुंभार, दळण दळणारी स्त्री अशा ग्रामीण जीवनाची जी चित्रे ‘काँग्रेसची चित्रे’ म्हणून सर्वत्र छापली जातात, ती फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेतील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या पुढच्या अधिवेशनासाठी काढलेली आहेत. फैजपूरला मुख्य काम रचनेचे व सजावटीचे होते, तर हरिपुऱ्याला त्यात चित्रमालिकेची भर पडली. चित्रे संग्रहालयांत जपली गेली आणि बांबूची वसाहत मोडली गेली. त्यामुळे हरिपुऱ्याची कीर्ती टिकली आणि फैजपूरचा वाटा विस्मृतीत गेला.

गैरसमज ५ : बंगाली कलावंताला खानदेशाच्या भूमीची ओळख नव्हती.

वस्तुस्थिती : नंदलाल बोस यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी आजच्या बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात झाला आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे कलाशिक्षण कोलकात्यात झाले, हे खरे. परंतु खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत, लेडी हेरिंगहॅम यांच्या पुढाकाराने १९०९ च्या सुमारास सुरू झालेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याच्या कामात ते तरुणपणीच सहभागी झाले होते. भिंत आणि चित्र, वास्तू आणि अलंकरण ही एकमेकांपासून वेगळी नसतात, हा धडा अजिंठ्यासारखा दुसरीकडे क्वचितच मिळतो. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख म्हणून त्यांनी हस्तकला, रंगमंचसजावट आणि भित्तिचित्रण यांना चित्रकलेच्या बरोबरीचे स्थान दिले, आणि त्याच दृष्टीचा उपयोग फैजपूरला झाला. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावटही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

गैरसमज ६ : राष्ट्रीय आकांक्षा बांधकामातून व्यक्त करणे हा केवळ गांधीवादी हट्ट होता.

वस्तुस्थिती : स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया प्रांतात असाच विचार अर्धशतकापूर्वी झाला होता. अंतोनी गौदी (१८५२–१९२६) यांच्यामुळे जगप्रसिद्ध झालेल्या तेथील आधुनिकतावादी चळवळीचे एक प्रवर्तक, वास्तुविशारद लुईस दोमेनेक इ मोन्तानेर (१८५०–१९२३) यांनी १८७८ मध्ये राष्ट्रीय वास्तुकलेच्या शोधाविषयी निबंध लिहिला, आणि १८९२ मध्ये कातालोनियाच्या स्वायत्ततेची मागणी मांडणाऱ्या मानरेसा येथील सभेचे अध्यक्षपद भूषविले. बार्सेलोना येथे एका गायकवृंदासाठी त्यांनी १९०५ ते १९०८ या काळात बांधलेल्या संगीतगृहात उघडी वीट, रंगीत काच, लोखंडकाम आणि चिनीमातीच्या तुकड्यांचे जडावकाम यांना मानाचे स्थान आहे. ही वास्तू १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या चळवळीला उद्योजकांच्या संपत्तीचे पाठबळ होते आणि तिच्या इमारती कायमच्या होत्या, तर टिळकनगरला शेतकऱ्यांच्या श्रमांचे पाठबळ होते आणि त्याचे आयुष्य काही दिवसांचे होते. हा भेद मोठा आहे. तरीही आपल्या भूमीतील कारागिराच्या हाताला प्रतिष्ठा देऊन समाजाची ओळख उभी करणे, हे दोहोंमागील सूत्र एकच दिसते.

या सर्व वस्तुस्थितीचा विचार करता टिळकनगरला भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळणे उचित ठरेल. ज्या इमारती उभ्या असतात त्यांचाच इतिहास लिहिण्याची सवय अभ्यासकांना असते, आणि मोडून टाकण्यासाठीच बांधलेल्या वास्तूंवर त्यामुळे अन्याय होतो. सावदा, फैजपूर, खिरोदा या परिसरातील घरांमध्ये त्या अधिवेशनाची छायाचित्रे, पत्रे, पावत्या किंवा प्रवेशपत्रे शिल्लक असतील, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयासारख्या संस्थांनी ती एकत्र करावीत, त्यांची नोंद करावी आणि ती अभ्यासकांसाठी खुली ठेवावीत.