गंधपरीक्षा आणि ओआर५ए१ जनुक

द्रव्यपरीक्षेत गंधाचे महत्त्व वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. रुग्णाच्या शरीराचा गंधही वैद्याने आपल्या घ्राणेंद्रियाने परीक्षावा, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितले आहे. परंतु परीक्षकाचे घ्राणेंद्रियच एखाद्या गंधाबाबत जन्मतः मंद असेल तर?

काही वर्षांपूर्वी गुलकंदासाठी आलेल्या गुलाबपाकळ्या आम्ही गंधहीन ठरवून परत पाठविल्या. आमच्या साहाय्यकास मात्र त्यांचा सुवास स्पष्ट येत होता. त्याचे म्हणणे आम्ही मनावर घेतले नाही.

नाकाच्या वरच्या भागातील गंधपेशींवर ग्राहक प्रथिने असतात. गंधाचा रेणू योग्य ग्राहकाशी जुळला म्हणजे पेशी उत्तेजित होऊन मेंदूकडे संदेश पाठविते. या ग्राहकांची जनुके लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवात अशी सुमारे ४०० कार्यक्षम जनुके आहेत.

त्यांपैकी ओआर५ए१ हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्याचे प्रथिन बीटा-आयोनोन हा रेणू ओळखते. हा रेणू बनप्शाच्या फुलांत, तसेच अल्प प्रमाणात गुलाबातही असतो. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, या प्रथिनातील १८३ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्पॅराजिन आल्यास ही संवेदना फार क्षीण होते. माता व पिता या दोघांकडूनही बदललेली प्रत आली तरच ही मंदता दिसते. एक मूळ प्रत पुरेशी ठरते. विशेष म्हणजे ज्यास संवेदना आहे त्यास हा गंध फुलासारखा वाटतो. ज्यास नाही त्यास तीव्र मात्रेत तो आंबट, उग्र भासतो.

आमच्या त्या चुकीचे कारण हेच जनुक होते, असे आम्ही म्हणत नाही. गुलाबाच्या गंधात अनेक घटक असतात. शिवाय प्रतिश्यायानेही गंधज्ञान मंदावते. तथापि एका नाकाचा निर्णय अंतिम मानू नये, एवढे यावरून निश्चित होते.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंना आमची विनंती आहे : कच्चे द्रव्य किमान तिघांनी स्वतंत्रपणे हुंगावे, आपापला अभिप्राय आधी लिहून मगच चर्चा करावी आणि खात्रीचा नमुना तुलनेसाठी जवळ ठेवावा. मतभेद झाल्यास फार्माकोपियातील इतर कसोट्या लावाव्यात. प्रत्यक्ष हे प्रमाण खरेच. पण इंद्रिय अविकल असेल तरच.