संगणकाला मराठी शिकवताना

हजेरीपटात कावळे, कासार आणि काळे अशी तीन आडनावे असतील तर त्यांचा क्रम कसा लागेल? आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून काळे शेवटी. पण संगणकाने केवळ युनिकोडमधील क्रमांक पाहून यादी लावली, तर काळे पहिले येतात. तेथे ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा आणि ‘व’च्या आधीचा क्रमांक मिळालेला आहे. ‘मराठीत हा क्रम वेगळा आहे’ हे संगणकाला कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते.

हे सांगण्याची सर्वांत मोकळी सोय लिनक्समध्ये आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली या प्रणालीचा गाभा लिहिला. आज मोठमोठे सर्व्हर तिच्यावर चालतात, मात्र घरच्या वा शाळेच्या टेबलावर ती क्वचितच दिसते. तिच्या परवान्यानुसार आतील मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो. त्यामुळे आपली भाषा कंपनीला फायद्याची वाटेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. रेड हॅट कंपनीने 2004 साली ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, तेव्हा स्वयंसेवकांच्या हाती अक्षरेही आली.

इंदूरकरांना यातील खरी अडचण लगेच कळेल. देवनागरी म्हटली की संगणकावर बहुधा हिंदी वळणच उमटते. मराठीतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ महाराष्ट्र शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही सांगितले आहेत. युनिकोडमध्ये हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांना क्रमांक एकच असतो. कोणते वळण काढायचे ते फॉन्ट ठरवतो, तेही मजकुराची भाषा मराठी आहे अशी नोंद असेल तरच. आपल्या मुलांची वही एक ‘ल’ शिकवते आणि पडदा दुसरा दाखवतो, याचे कारण हेच.

काही ठिकाणी वळणाने अर्थच बदलतो. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी! विद्यार्थ्यांनो, इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ‘ऱ्य’ असा काढा: शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग तिरक्या रेघेची कळ. ‘ॲ’ची कथा निराळी. त्याला स्वतंत्र क्रमांक 2008 साली, युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. दोन्ही दिसतात सारखेच, पण एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲटलास’ दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही.

भाषांतराचे काम सोपे वाटते, पण तसे नाही. इंग्रजीत ‘डिलीटेड’ हा एक शब्द कशालाही चालतो. मराठीत फाईल काढली, फोटो काढला, चित्र काढले. त्यातही ‘चित्र काढले’ म्हणजे पुसले की रेखाटले? म्हणून अशा ठिकाणी ‘हटवणे’ बरे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने वाक्याचे तुकडे करून मधे वस्तूचे नाव घालायची सोय केली असेल, तर भाषांतरकाराला लिंग सांभाळण्यासाठी वाक्यच फिरवावे लागते. शब्द निवडतानाही तारतम्य हवे. ‘जतन करा’ सहज रुळले. ‘धारिका’पेक्षा मात्र ‘फाईल’ बरी, कारण आजोबाही कचेरीत फाईलच म्हणत.

ही भाषांतरे साध्या मजकुराच्या फायलींत असतात: वर इंग्रजी ओळ, खाली मराठीसाठी जागा. संगणकाची भाषा निवडताना ‘मराठी (भारत)’ घेतले की याच ओळी पडद्यावर येतात. जी जागा रिकामी, तिथे इंग्रजी दिसते. ग्नोम हा लिनक्सचा एक प्रचलित पडदा. त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि प्रत्येक वेळी नव्या ओळी येतात. म्हणून एकदा पूर्ण झालेले मराठीकरणही पुन्हा अपुरे पडते. त्या ओळी भरायला प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. दहावीपर्यंत मराठी नीट शिकलेला आणि थोडे इंग्रजी जाणणारा मुलगा वा मुलगी पुरेशी आहे.