गाव उठल्यावर कुरण कसं उभं राहतं

मेळघाटातली बोरी, कोहा, कुंड ही गावं 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्याघ्र प्रकल्पाबाहेर, अकोटकडे वसवली गेली. मागून वैराट, चुर्णी उठली. ताडोब्यात नवेगाव, जामणी. जाताना माणसं वासे-कौलं सोबत नेतात. मागे राहतात जोती, विहीर, आंब्या-मोहाची झाडं आणि पिढ्यान् पिढ्या नांगरलेली शेतं. वनखात्याच्या कागदावर या शेतांचं पुढे कुरण होतं. जामणीच्या मोकळ्या रानात जिप्सी थांबली की पर्यटकाला वाटतं, हे पहिल्यापासून असंच असणार. पण शेत सोडून दिलं की आपोआप कुरण होत नाही. आपोआप होतो तो तरोटा.

पहिल्याच पावसाळ्यात गावठाणावर आणि गोठ्यांच्या जागी तो कमरेला लागतो. गुरांच्या शेणामुताने ती जमीन खतावलेली असते आणि अशा जमिनीचा फायदा सगळ्यात आधी तण उचलतं. शेतांमध्ये रानतुळस आणि गाजरगवत, धुऱ्यांवरून आत सरकत येणारी रायमुनिया, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली घाणेरी. चितळ यातलं काही आवडीने खात नाही. बारमाही गवतांचे ठोंब नांगराने केव्हाच उपटून टाकलेले असतात. त्यांचं बी मातीत फार काळ टिकत नाही आणि दूरवर जातही नाही. त्यामुळे जंगलाच्या काठाला उत्तम गवत असलं, तरी शेताच्या मध्यापर्यंत पोचायला त्याला कित्येक वर्षं लागतात. तरोट्याचं बी मात्र मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसतं. दोन बियांच्या स्वभावातला हा फरक लक्षात घेतला, की कुरणाच्या कामात कशानंतर काय करायचं ते उलगडत जातं.

सुरुवात उपटण्यापासून. तरोटा काढायचा तो ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात, फूल आलेलं पण शेंग भरलेली नाही आणि जमीन ओली आहे अशा वेळी. घाई केली तर मागून उगवणाऱ्या रोपांना अजून पाऊस शिल्लक असतो. उशीर झाला तर शेंगा वाळून तडकतात, आणि उपटणाऱ्याच्या हातानेच बी पेरलं जातं. विळ्याने कापून भागत नाही. बुडातून फुटवे येतात आणि बुटकं झालेलं झाड पुन्हा शेंगा धरतं. मुळासकटच काढायला हवा, तोही ओळीने तीन-चार पावसाळे. मधलं एक वर्ष चुकलं की आधीची मेहनत मातीत. सरकारी कामाची अडचण नेमकी इथे आहे. निधीची मंजुरी दिवाळीला आली, तर तरोटा तिच्यासाठी थांबलेला नसतो.

रायमुनियाला वेगळा इलाज. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडतात आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू देतात. फुटवे धरणारा भाग त्या वरच्या पट्ट्यात असतो. तो झुडपाबरोबर निघून येतो, खाली उरलेलं मूळ फुटत नाही. माती फारशी उलथत नाही हा यातला मोठा फायदा, कारण उलथलेली माती म्हणजे नव्या तणाला आवतण. जेसीबी लावून एका दिवसात मैदान साफ करण्याचा मोह होतो खरा, पण त्या मैदानावर पुढच्या जूनला काय उगवेल ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता लावायचं काय? पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी 1973 मध्ये भारताच्या गवत-आच्छादनाची जी मांडणी केली, तीत दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा बराच भाग पवना आणि मारवेल या गवतांच्या गटात येतो. काळ्या भारी जमिनीत मारवेल. मुरमाड उतारावर पवना आणि डोंगरी गवत. चराई अती झाली की पवना मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. जमीन आणखी झिजली की केसासारखी बारीक, दोन महिन्यांत वाळणारी गवतं उरतात. म्हणजे समोर उभं असलेलं गवत बघूनच जागा किती खालावली आहे ते ओळखता येतं. अर्थात गवतं ओळखता आली तर. तृणभक्षी प्राण्यांची नावं घडाघडा सांगणारे आपण त्या तृणाशी मात्र अनोळखी असतो. गजानन मुरतकर यांच्यासारखे विदर्भातले गवततज्ज्ञ वनरक्षकांना ही ओळख करून देत आले आहेत.

अभयारण्यात बी बाहेरून आणू नये. ते त्याच जंगलाच्या चांगल्या तुकड्यांमधून, ऑक्टोबर ते डिसेंबरात, जसजसं एकेक गवत पिकेल तसतसं गोळा करायचं. मारवेलसारख्या गवतात सगळं बी एकदम पिकत नाही. काही गळायला लागलेलं असतं तेव्हा काही हिरवंच असतं. त्यामुळे यंत्राने कापून उपयोग नाही. बाया ओटी बांधून पिकलेले तुरे तेवढे हाताने ओरबाडून घेतात. पोतं भरलं म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही, कारण त्यात पोकळ तूस बरंच असतं. चिमूटभर घेऊन अंगठ्याच्या नखाखाली दाबायचं: टणक लागलं तर दाणा, चपटं झालं तर फोल. शिवाय ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने ते झोपेतच असतं. ऑक्टोबरात गळलेलं बी अवकाळी पावसाने फसून उगवलं, तर उन्हाळ्यात रोप जगणार नाही. ही झोप त्याला त्यातून वाचवते. म्हणून पोती कोरड्या, हवेशीर जागी, उंदरांपासून जपून पुढच्या जूनपर्यंत ठेवायची.

कुसळीचं बी मुद्दाम हातात घेऊन बघावं. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि मागच्या बाजूला दोन-अडीच इंचांचं काळसर, पीळ असलेलं कुसळ. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब सोडला की पीळ उलगडू लागतो आणि अख्खं बी स्वतःभोवती फिरतं. वाळलं की पीळ परत बसतो. ओल-वाळ अशी चालू राहते तसतशी अणी मातीत गिरमिटासारखी शिरते. लव तिला मागे येऊ देत नाही. चालणाऱ्याच्या पायजम्यात आणि मेंढीच्या लोकरीत ती घुसते तीही अशीच. या गवताला पेरायला माणूस लागत नाही, आणि ते फार झालं तर चितळाच्या तोंडालाही टोचतं. त्यामुळे कुरणात ते असावं, पण मालक होऊ नये.

बाकीचं बी बारीक माती किंवा वाळूत मिसळून, पहिल्या दमदार पावसानंतर जवळजवळ वरच्यावर टाकतात. फार तर एक सेंटीमीटर माती. तिफणीची सवय असलेला हात इथे चुकतो, कारण खोल गेलेलं गवताचं बी वर येत नाही. जिथे बियावर भरवसा नाही तिथे रोपवाटिकेत वाढवलेले ठोंब हात-दीड हात अंतरावर लावतात. सगळं रान भरायची गरज नाही. पट्टे लावले की तीच गवतं पुढे मधल्या जागेत बी टाकतात. पहिली दोन वर्षं मात्र कुंपण हवं. मुळं धरली नसली की चितळाच्या एका ओढीला ठोंब उपटून येतो.

इथपर्यंत जे झालं ते वैरणीचं शेतही असू शकतं. नुसता मारवेल लावून हिरवंगार मैदान फोटोत छान दिसतं, पण कुरणाला वेगवेगळ्या वेळी फुटणारी आणि पिकणारी गवतं लागतात. कोणी जूनमध्ये आधी कोवळं होतं, कोणी डिसेंबरातही ओल धरून असतं. मध्ये रानमुगासारखी शेंगवर्गीय, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारी झुडपं-वेली हवीत, लव्हाळे हवेत, कंदवर्गीय फुलं हवीत. याच कामासाठी स्टायलोसारखं परदेशी द्विदल चारापीक सुचवलं जातं. गावच्या गायरानावर ते ठीक. संरक्षित क्षेत्रात त्याला जागा देऊ नये असं मला वाटतं. एक पाहुणा हुसकायला तीन पावसाळे घालवायचे आणि दुसऱ्याला दार उघडायचं, यात शहाणपण नाही.

उभं राहिलेलं कुरण तसंच सोडून दिलं तरी बिघडतं. न खाल्लेलं गवत वाळून आडवं पडतं, त्याच्या थराखाली ऊन पोचत नाही आणि लहान वनस्पती आधी जातात. चितळाला आखूड कोवळं गवत लागतं, रानगव्याला राठही चालतं. दोघं असतील तर निम्मं काम तेच करतात. उरलेलं कापून किंवा जाळून. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, तेव्हा जाळरेषा आणि ठरवून केलेली जाळणी त्याआधी उरकायची. तीही एका वर्षी सगळीकडे नाही. एक तुकडा जाळलेला, एक कापलेला, एक उभा, असं ठेवलं की पाडसाला लपायलाही जागा राहते.

मग येतात झाडं. साग आणि पळसाची रोपं कुरणात घुसतात आणि ती उपटावी लागतात. जंगलात झाड उपटायचं, हे ऐकूनच अनेकांच्या अंगावर काटा येतो. सोलापूरकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं. मूळ 8,496 चौरस किलोमीटरचं, पुढे 1,222 वर आलेलं. त्या माळांवरही गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, कारण मोकळा माळ म्हणजे पडीक, हे डोक्यात पक्कं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातल्या वनस्पती तपासल्या. त्यांत तरटीसारख्या माळरानाच्या काटेरी झाडांचंच प्रमाण अधिक निघालं. तेराव्या शतकापासूनचे हे उल्लेख आहेत. सगळाच माळ जंगल तोडून झालेला नाही. मेळघाटातल्या जुन्या शेतांची गोष्ट वेगळी, तिथे आधी जंगलही असेल. पण एकदा ती जागा तृणभक्ष्यांसाठी राखायची ठरली, की सागाला माया दाखवून चालत नाही.

काम कुठवर आलं हे मोजायचा मार्ग साधा आहे. दरवर्षी पावसाळा सरताना एक मीटर लांब-रुंद चौकट ठरलेल्या जागांवर टाकायची आणि आत काय काय आहे ते नोंदवायचं: जाती किती, तरोट्याची रोपं किती, उघडी माती किती. तरोटा गेला, पण चौकटीत दोनच गवतं दिसताहेत, तर नव्या जातींचं बी गोळा करायला पुन्हा बाहेर पडायचं. ठोंबांच्या फटींतून न पेरलेलं काही, एखादा लव्हाळा, एखादी वेल, एखादं कंदाचं पान दिसायला लागलं की पेरणी बंद करावी आणि मजुरी सागाची रोपं उपटण्याकडे वळवावी.