कुसळी
कुसळी (शास्त्रीय नाव: हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) हे पोएसी कुळातील बहुवर्षायू रानगवत आहे. दाण्याला जोडलेल्या लांब, पीळदार कुसळावरून त्यास हे नाव पडले. लिनीयसने १७५३ मध्ये त्याचे वर्णन अँड्रोपोगॉन कॉन्टॉर्टस या नावाने केले. लॅटिनमध्ये ‘कॉन्टॉर्टस’ म्हणजे पिळलेला. हवेतील ओलाव्यानुसार कुसळ पिळते व उलगडते आणि दाणा जमिनीत रुततो. तोच मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीतही घुसतो. म्हणून चाऱ्यासाठी हे गवत फुलोऱ्यापूर्वी कापतात.

जगाच्या उष्ण प्रदेशांत ते सर्वदूर आढळते. हवाई बेटांवर त्यास ‘पिली’ म्हणतात. महाराष्ट्रात नळदुर्ग-सोलापूर भागासारख्या अवर्षणप्रवण पठारांवरील माळराने हा त्याचा अधिवास होय. अतिचराईमुळे पवन्या, मारवेल ही सकस गवते हटली की कुसळी माजते. त्यामुळे तिचे आधिक्य कुरणाच्या ऱ्हासाचे लक्षण मानले जाते.