येशूचा क्रूस वाहणारा कुरेनेकर शिमोन कोण होता? एका ओळीतल्या माणसावर इतकी चर्चा का?

उपवासकाळातल्या शुक्रवारी वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये गेलात, तर तिथे ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती सुरू असते. तिचे १४ टप्पे. पाचव्या टप्प्यावरच्या चित्रात येशूचा क्रूस उचलणारा एक माणूस दिसतो. तो येशूचा शिष्य नाही की नातेवाईक नाही. तो आहे शिमोन, कुरेने शहराचा.

कुरेने म्हणजे आजच्या पूर्व लिबियातलं एक जुनं ग्रीक शहर. तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती.

मार्क, मत्तय आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत शिमोनच्या वाट्याला जेमतेम एकेक वाक्य आलंय. येशूला वधासाठी नेत असताना सैनिकांनी त्याला वाटेत गाठलं आणि क्रूस त्याच्यावर लादला. योहानच्या शुभवर्तमानात तर तो नाहीच. तिथे येशू स्वतःच क्रूस वाहतो.

मराठी बायबलमध्ये शिमोनला ‘वेठीस धरलं’ असं म्हटलंय आणि हा शब्द अगदी चपखल आहे. मत्तय आणि मार्क इथे जे ग्रीक क्रियापद वापरतात, ते सरकारी कामासाठी माणसं किंवा जनावरं सक्तीने घेण्याबद्दलचं आहे. कुणी एक मैल चालायची सक्ती केली तर दोन मैल जा, या येशूच्या शिकवणीतही मत्तय तेच क्रियापद वापरतो. म्हणजे चित्रांतला दयाळू मदतनीस शिमोन नंतरचा. मूळ मजकुरात तो स्वतःहून पुढे आलेला नाही.

मग अभ्यासकांना त्याच्यात इतका रस का? कारण मार्कने जाता जाता दिलेला एक तपशील: शिमोन हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप.

ही मुलं कथेत पुन्हा कुठेच येत नाहीत. मग नावं कशासाठी? आपणही अनोळखी माणसाची ओळख ‘अमक्याचे वडील’ अशी करून देतो, ती ऐकणारा त्या अमक्याला ओळखत असेल तरच. मार्कचं लेखन साधारण इ. स. ७० च्या आसपासचं मानलं जातं. त्याच्या पहिल्या वाचकांना ही भावंडं माहीत असावीत, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. तो बरोबर असेल, तर क्रूसाच्या वाटेवरची ही आठवण थेट एका कुटुंबापर्यंत पोहोचते. मत्तय आणि लूक यांनी मात्र ही नावं गाळली.

पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातही एका रूफला आणि त्याच्या आईला सलाम आहे. तो हाच का? नाव तेव्हा सर्रास असायचं, त्यामुळे खात्री देता येत नाही.

१९४१ मध्ये जेरुसलेमजवळच्या किद्रोन खोऱ्यातल्या एका थडग्यात अस्थी ठेवायची दगडी पेटी सापडली. तिच्यावर ‘शिमोनचा आलेक्सांद्र’ असं कोरलेलं आहे. त्याच थडग्यातल्या इतर लेखांवरून हे कुटुंब कुरेनेच्या परिसरातलं असावं, असं दिसतं. शिमोन आणि आलेक्सांद्र ही नावंही दुर्मीळ नव्हती, पण बाप, मुलगा आणि गाव तिन्ही जुळणं हा मात्र रोजचा योगायोग नाही.