ठिगळ लावणारा एकटा माणूस

जून उजाडला की आमच्या मालवणात दांडी किनाऱ्यावरच्या होड्या झापांखाली जातात आणि जाळी पडवीत येतात. फाटलेल्या आसाच्या कडा आधी सुरीने साफ करायच्या, मगच सुई फिरवायची. तशीच गाठ मारली तर भोक पुन्हा तिथेच पडतं.

त्याच पडवीत माझा जुना लॅपटॉप आहे, त्यावर स्लॅकवेअर चालतं. संगणक चालवणाऱ्या लिनक्सचा गाभा फुकट मिळतो. त्याला शेकडो प्रोग्राम जोडून वापरण्याजोगी प्रणाली बांधली की तिला डिस्ट्रो म्हणतात. स्लॅकवेअर हा डिस्ट्रो 1993 पासून अमेरिकेतले पॅट्रिक व्होल्कर्डिंग बांधतात. साथीदार थोडे आहेत, पण अखेरचा हात त्यांचाच.

जाळ्यासारखंच एखाद्या प्रोग्राममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं की तो लिहिणारे दुरुस्ती काढतात. पॅट्रिक त्या दुरुस्तीचा कोड आणतात, बांधून पाहतात, आपल्या खासगी किल्लीने डिजिटल सही करतात आणि बदलनोंदीत दोन ओळी लिहितात. इथे मी 'स्लॅकपीकेजी' हा अपडेट उतरवणारा प्रोग्राम चालवला की आधी ती सही तपासली जाते. वाटेत कुणी फाइलमधलं एक अक्षर बदललं, तरी सही जुळत नाही.

एकट्याला हे पेलतं कसं? मोठे डिस्ट्रो मूळ प्रोग्राममध्ये आपापले बदल करतात, मग प्रत्येक दुरुस्ती त्या बदलांशी जुळवत बसावी लागते. स्लॅकवेअर प्रोग्राम शक्यतो जसाच्या तसा ठेवतं. त्यामुळेच 2012 सालच्या 14.0 आवृत्तीला 2023 अखेरपर्यंत ठिगळं मिळत राहिली. अकरा वर्षं, तीही फुकट!

'एक्सझेड' ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररीही अशीच, मुख्यतः लासे कॉलिन एकटे सांभाळत. ते थकले होते, आणि कामासाठी अनोळखी लोकांचा तगादा चालू होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला खटकलं, म्हणून तो सापडला. स्लॅकवेअर 15.0 मध्ये एक्सझेडची ती चोरदरवाजावाली आवृत्ती नव्हती. तरीही कॉलिन यांचं थकणं माझ्या मनाला फार लागलं.

पॅट्रिकही 2004 मध्ये गंभीर आजारी पडले होते. 2018 मध्ये त्यांनी पैशांची ओढाताण जाहीरपणे सांगितली, आणि पुढे वापरणाऱ्यांकडून थेट वर्गणी घ्यायला सुरुवात केली. मीही ती भरतो. पावसात रात्री लाइट टिकली की अपडेट उतरवून घेतो. त्याआधी बदलनोंद उघडून शेवटची तारीख बघतो. परवाचीच असली की बरं वाटतं.