रात्रपाळीचे देव, मुक्काम जुरोंग ईस्ट

झोपताना पाच नावं घेतली की वाईट स्वप्नं पडत नाहीत, असं सांगणारा एक जुना संस्कृत श्लोक आहे. आज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या नातवंडांकडून घोकून घेतला. नावं अशी: राम, स्कंद, हनुमान, गरुड आणि भीम. या यादीत भीम कसा, असं विचारू नका. स्वप्नातल्या राक्षसाला गदेची भाषा पटकन कळत असणार.

यातले चौघे आपल्या घरचे. मारुती तर प्रत्येक वेशीवर उभा. पण दुसऱ्या क्रमांकावरचा स्कंद, म्हणजे कार्तिकस्वामी, महाराष्ट्रात शोधावा लागतो. सिंगापुरातल्या मराठी पोराला तशी अडचण नाही. जुरोंग ईस्ट स्ट्रीट २१ वर अरुळमिगु मुरुगन मंदिर आहे, आणि मुरुगन म्हणजेच स्कंद. दुःस्वप्नांच्या बंदोबस्तावरचा अधिकृत पहारेकरी इथे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो.

आता गंमत बघा. हा पहारेकरी मुळात पोरांना घाबरवणाऱ्या टोळीचा म्होरक्या! सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तान्ह्या मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. पूतना, रेवती, शकुनी वगैरे मंडळी त्यात आहेत, आणि यादीत पहिलं नाव आहे स्कंदाचं. महाभारताच्या वनपर्वात तर तो आपल्या टोळीतल्या मातृकांना परवानगीच देऊन टाकतो: मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्याला त्रास द्यायची तुम्हाला मुभा, मात्र पूजा करणाऱ्यांच्या लेकरांना सांभाळायचं. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण जुन्या माणसांचा हिशेब सरळ होता. ज्याचं टोळीवर वजन, त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं.

स्कंदाची बायको कोण, हे तर आणखी मजेशीर. तमिळ देवळांत मुरुगनाच्या दोन बाजूंना वल्ली आणि देइवानै असतात. देइवानै म्हणजे देवसेना. महाभारत सांगतं की देवसेनेचंच दुसरं नाव षष्ठी. आणि षष्ठी म्हणजे आपली सटवाई! बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून, दिवा रात्रभर तेवत ठेवून जिची वाट पाहिली जाते, ती. कपाळावर नशीब लिहून जाणारी. तान्हं बाळ झोपेत खुदकन हसलं की ‘सटवाई हसवतेय’ आणि ओठ काढून रडवेलं झालं की ‘सटवाई रडवतेय’ असं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. म्हणजे स्वप्नातली पहिली सवंगडी तीच. एवढं करून तिच्या नावाची शिवी झाली ती झालीच. सासवांनी सुनांवर किती पिढ्या ती वापरली!

महाराष्ट्रातला विरोधाभास असा की सटवाई घरोघरी, आणि नवऱ्याच्या देवळात बायकांना जायला बंदी. पुण्यात पर्वतीवर कार्तिकस्वामीचं देऊळ आहे. तिथे तो ब्रह्मचारी मानलेला. बायका त्याचं दर्शन घेत नाहीत, घेतलं तर वैधव्य येतं अशी समजूत. सूट काय ती कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्राच्या योगावर. तोच देव जुरोंग ईस्टला दोन बायकांसह संसारात रमलेला. पुण्यातला ब्रह्मचारी आणि सिंगापुरातला कुटुंबवत्सल गृहस्थ एकच, हे पर्वती चढून दमलेल्या मावशींना कुणी सांगितलं तर त्या काय म्हणतील, याची मला फार उत्सुकता आहे.

सटवाईची चिनी बहीण

याच जुरोंग ईस्टच्या सरकारी इमारतींमध्ये मराठी कुटुंबांचे बहुतेक शेजारी चिनी वंशाचे. त्यांतही होक्कियेन बोलणाऱ्यांचा गट सिंगापुरात सर्वांत मोठा आणि त्याखालोखाल तेओच्यू. या लोकांच्या जुन्या परंपरेत पलंगावर राहणारी एक देवी आहे. मँडरिनमध्ये तिला चुआंग मू म्हणतात, म्हणजे पलंगाची आई. तिला देऊळ नाही, बहुधा मूर्तीही नाही. मुलाचा बिछाना हेच तिचं ठाणं. बाळ झोपेत हसलं, तोंडं वेडीवाकडी केली, तर पलंगाची आई त्याला शिकवतेय असं समजायचं. अंगावर जन्मखूण असेल तर ती तिनेच केलेली, आपलं लेकरू ओळखू यावं म्हणून. सटवाई कपाळावर लिहिते ते कुणाला वाचता येत नाही. ही बाई निदान दिसेल अशी खूण करते.

तिचा मोठा सण चिनी पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी. तिळाच्या तेलातली कोंबडी आणि चिकट तांदळाचा तेलभात पलंगावर मांडायचा. इथे एक नियम आहे, आणि तो मला सगळ्या धर्मशास्त्रांतला सर्वांत व्यवहारी नियम वाटतो: ही पूजा लवकर आटपायची. रेंगाळली तर पलंगाची आईही पोराजवळ रेंगाळते आणि मग पोरगं सकाळी अंथरूण सोडत नाही! शाळेची बस चुकण्यावर असा दैवी तोडगा आपल्या एकाही पोथीत नाही.

तिची नोकरी किती वर्षांची? सोळा. हो, तेवढीच, जेवढी महाभारतात मातृकांची मुदत. तेओच्यू लोक तिला एक वर्ष आधीच निवृत्त करतात. पंधराव्या वर्षी मूल ‘बागेतून बाहेर पडतं’, असा त्यांचा विधी. बारा प्रकारच्या फुलापानांच्या पाण्याने अंघोळ, पायात लाल खडावा, आणि ताटात कोंबडीचं डोकं. खडावा आणि डोकं लिन दाचिन नावाच्या विद्वानामुळे आले म्हणतात. हा गडी १५३२ मध्ये मिंग राजवटीच्या सर्वोच्च परीक्षेत पहिला आला होता. म्हणजे स्वप्नांची राखणदारीण रजा घेते त्याच दिवशी परीक्षेचं भूत मानगुटीवर बसतं. सिंगापुरातल्या पालकांना हे वेळापत्रक वेगळं समजावून सांगायला नको.

स्वप्नं खाणारा, आणि पुंगोलला दिसलेला

जुरोंग ईस्टहून पुढचंच एमआरटी स्टेशन चायनीज गार्डन. तिथे तळ्यातल्या दोन बेटांवर चिनी आणि जपानी बाग आहे, मध्ये पूल. जपानी बाग १९७३ ची, रचना किन्साकु नाकाने यांची. चिनी बाग १९७५ ची. बरीच वर्षं डागडुजीसाठी बंद राहून दोन्ही २०२४ मध्ये पुन्हा उघडल्या. चिनी बेटावरून जपानी बेटावर जाणाऱ्या या वाटेनेच एक अजब प्राणीही गेला आहे, शेकडो वर्षांपूर्वी आणि अर्थातच कागदावरून: बाकू.

चीनमध्ये त्याचं नाव मो. हत्तीची सोंड, गेंड्याचे डोळे, बैलाची शेपटी, वाघाचे पाय. ब्रह्मदेवाकडे उरलेला माल होता तो असा खपवलेला. त्याचं चित्र जवळ असलं की पीडा टळते असा समज. तांग काळातला कवी बाई जुई डोकेदुखीने हैराण असायचा. झोपताना डोक्याशी वारा लागू नये म्हणून तो छोटा पडदा लावायचा आणि त्या पडद्यावर त्याने मो काढून घेतला होता. जपानला पोहोचेपर्यंत या प्राण्याला बढती मिळाली आणि तो थेट वाईट स्वप्नं खाऊ लागला. दचकून जागं झालेलं मूल त्याला तीनदा हाक मारतं आणि म्हणतं, हे घे, माझं स्वप्न खाऊन टाक. नव्या वर्षाच्या रात्री उशीखाली खजिन्याच्या जहाजाचं चित्र ठेवायचं आणि जहाजाच्या शिडावर बाकूचं अक्षर लिहायचं, हीही तिथली जुनी चाल. मात्र त्याला वारंवार बोलावू नये म्हणतात. फार भूक लागली तर तो चांगली स्वप्नंही गिळतो.

खरी धमाल पुढे आहे. जपानी भाषेत टापिर या खऱ्याखुऱ्या प्राण्यालाही बाकूच म्हणतात. आखूड सोंडेचा, पुढून-मागून काळा आणि मधे पांढरी झूल घातल्यासारखा मलायी टापिर हा इथलाच, मलाय द्वीपकल्पातला रहिवासी. तोही रात्रीच बाहेर पडतो, म्हणजे रात्रपाळी पक्की. सिंगापुरात तो रानात उरलेला नाही, पण पलीकडच्या मलेशियातल्या जोहोरहून सामुद्रधुनी पोहून अधूनमधून पाहुणा येतो. २०२३ च्या जुलैत असाच एक टापिर पुंगोलमध्ये रस्त्याकडेने दुडक्या चालीने जाताना लोकांनी मोबाइलवर टिपला आणि सिंगापूरभर त्याचीच चर्चा झाली. हमखास भेट हवी असेल तर नाइट सफारीत जा. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे जगातलं पहिलं निशाचर प्राणिसंग्रहालय. आणि घरातल्या धाकट्याला हे सगळं आधीच माहीत असेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका: पोकेमॉनमधला ९६ क्रमांकाचा, झोपवून स्वप्नं खाणारा ड्राउझी हा याच बाकूवर बेतलेला आहे.

बाकीच्या जगाची हजेरी झटपट घेऊ. इजिप्तमध्ये बेस नावाचा बुटका, दाढीवाला, जीभ काढणारा देव पलंगाच्या पायांवर आणि लाकडी उशांवर कोरत. बाळंतिणी आणि मुलं त्याच्या ताब्यात. मेसोपोटेमियात पाझुझू हा स्वतःच भयंकर राक्षस, पण तान्ही मुलं पळवणाऱ्या लमाश्तूला तोच हाकलतो (स्कंदाचा मावसभाऊ शोभावा!). उत्तर अमेरिकेतले ओजिब्वे लोक पाळण्याच्या कडीला कोळ्याच्या जाळ्यासारखं विणलेलं छोटं कडं टांगत. फ्रान्सिस डेन्समोर या अभ्यासक बाईंनी १९२९ मध्ये त्याची नोंद केली. आज ते पिसं लावून गाडीच्या आरशाला लटकतं. बाळ घरी, राखण गाडीत.

आजीची साडेसातची ड्यूटी

सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. त्यामुळे एक सुरेख योग जुळतो. जुरोंग ईस्टमध्ये रात्रीचे साडेनऊ-दहा, पोरं अंथरुणात. आणि पुण्या-सांगलीत सात-साडेसात, म्हणजे दिवेलागण, रामरक्षेची वेळ. आजी देवापुढे बसून म्हणते तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला नातू डोळे मिटत असतो. भारतातल्या भारतात हे जमत नाही, कारण तिन्हीसांजेला पोरं खाली खेळत असतात.

रामरक्षेचा जन्मच झोपेतला, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसतं. बुधकौशिक ऋषींना शंकराने ती स्वप्नात सांगितली आणि त्यांनी सकाळी उठून लिहून काढली, असं त्या स्तोत्रातच म्हटलंय. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावावर सोपवायचा, अशी तिची बांधणी. आणि अगदी हाच प्रकार तमिळ शेजाऱ्यांच्या घरातून ऐकू येतो: देवराय स्वामिगळ यांचं एकोणिसाव्या शतकातलं ‘कंद षष्टी कवचम्’. तिथे रामाच्या जागी मुरुगनाचा भाला, म्हणजे वेल, पापण्या, कान, दात असं करत सगळ्या देहाची राखण करतो. भुताखेतांचीही नावानिशी हजेरी घेतो. सुलमंगलम भगिनींच्या आवाजातलं ते ध्वनिमुद्रण माहीत नसलेलं तमिळ घर सापडणं कठीण.

आणि विज्ञान? तेही हाकेच्या अंतरावर. सिंगापूरचं सायन्स सेंटर १९७७ पासून जुरोंग ईस्टमध्येच आहे. शास्त्रज्ञांचं सटवाईबद्दलचं मत साधारण असं: नवजात बाळाची निम्मी झोप डोळ्यांची हालचाल चालू असणारी, चंचल झोप असते, मोठ्यांची जेमतेम पाव. त्या झोपेत चेहऱ्याचे स्नायू आपोआप हलतात आणि हसू उमटतं. आईकडे बघून मुद्दाम केलेलं हसू दीड-दोन महिन्यांनंतर येतं. ही झोप सापडली कशी, तर शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्कीने आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशी तारा चिकटवून त्याला झोपवलं आणि यंत्राची सुई नाचताना पाहिली. निबंध छापला १९५३ मध्ये. पोराला रात्रभर कोण जागून बघत होतं, तर बाप.

डेव्हिड फोक्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पुढे लहान मुलांना प्रयोगशाळेत झोपवलं, मधेच उठवलं आणि काय दिसलं ते विचारलं. पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांची स्वप्नं छोटी आणि स्थिर निघाली. मूल स्वतः त्यात काही करताना क्वचित दिसायचं, प्राणी मात्र बऱ्याचदा. बाकूला या वयात काम सोपं पडत असणार.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी काही आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हे. तो गाढ झोपेतला दचका. त्याला हलवून जागं करू नये, पडणार नाही एवढं पाहावं. खरं वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं आणि मूल ते सांगतं. तेव्हा जवळ घ्यावं, पाच नावं म्हणावीत, बाकूला हाक मारावी. घरात जे चालतं ते.

राहिली मुलांची आणखी एक राखणदारीण, जिवती. श्रावणातल्या शुक्रवारी भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाला हार घालून आई मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. कागदावर वर नृसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मग पोरांचं लेंढार घेऊन बसलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. यातली जरा ही जरासंधाचे दोन तुकडे जोडणारी राक्षसीण. महाभारताच्या सभापर्वात तीच सांगते की मला मुलांसह घराच्या भिंतीवर रंगवा, भरभराट होईल. म्हणजे या कागदाची ऑर्डर थेट तिथून आलेली!

मूल परगावी असेल तर आईने चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे असेल तिथे पोहोचतात. आता सिंगापूर पडतं महाराष्ट्राच्या आग्नेयेला, तेव्हा पूर्वेच्या घ्याव्यात की दक्षिणेच्या, हा प्रश्न उरतोच. बऱ्याच आया हल्ली तो व्हिडिओ कॉलवर सोडवतात: मोबाइल पाटावर उभा करतात, स्क्रीनलाच कुंकू लावतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर डाग पडला म्हणून पलीकडून ओरडा खातात.